जुन्या अंकांचा कागद

जुन्या मासिकाचा पहिला शत्रू त्याच्याच कागदात दडलेला असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून असंख्य अंक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर निघाले. उजेड-हवेने हा कागद पिवळा पडतो, त्यातले आम्ल वाढते आणि घडीवर बोट लावताच तुकडा हातात येतो. मुळशीसारख्या धो-धो पावसाच्या तालुक्यात ओलीची भर पडते: बुरशी, कसर, गंजलेल्या पिनेभोवती तांबूस भोक. १९२१च्या मुळशी सत्याग्रहाचा काळ ज्या छापील पानांत उरला आहे, त्यांनाही हेच भोगावे लागते.

दुरुस्तीत घाई नडते. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी. पिन ओढू नये. तिचे पाय मागून हलकेच उघडून ती काढावी. फाटलेल्या जागी जपानी टिश्यूची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात; ती पुढे पाण्याने सोडवता येते. सेलोटेप मात्र कधीच नको, त्याचा चिकटा कागदात मुरून कायमचा तपकिरी डाग पाडतो. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकणे हे तर अंकाचे मोठेच नुकसान. त्या काळचा बाजार आणि बोली तिथेच सापडते. दुरुस्त अंक आम्लमुक्त पाकिटात, आडवे, ओल्या भिंतीपासून दूर ठेवावेत.