शब्द मागे घेणारा संशोधक

डॅनियल काहनेमन २७ मार्च २०२४ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी गेले. त्यांच्या स्मृतिदिनी ‘अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारा मानसशास्त्रज्ञ’ ही ओळख पुन्हा निघते आणि तिच्या पाठोपाठ उद्धरणांचे आकडेही. अमोस ट्वर्स्की यांच्यासह १९७९मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त लिहिलेला त्यांचा निबंध अर्थशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत लेखनात मोडतो. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याची चुटपुट मोठी, हे बाजारहाट करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. या दोघांनी ते गणितात बसवले. नोबेल आले २००२मध्ये. ट्वर्स्की १९९६मध्येच गेले होते.

आम्हाला मात्र या कीर्तीपेक्षा त्यांची एक चूक अधिक बोलकी वाटते. मोजक्या माणसांवरील प्रयोगातून ठाम निष्कर्ष काढण्याचा मोह सांख्यिकी जाणणाऱ्यांनाही आवरत नाही, असे याच जोडीने १९७१मध्ये दाखवून दिले होते. चाळीस वर्षांनी, ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ लिहिताना, काहनेमन त्याच मोहात सापडले. सहज नजरेखालून गेलेले शब्दही माणसाचे वागणे बदलतात, असे सांगणाऱ्या प्रयोगांवर त्यांनी पुस्तकात भिस्त ठेवली. त्यावर अविश्वास दाखवण्याची सोयच नाही, इतका ठाम सूर लावला. पुढे इतरांनी तसे प्रयोग करून पाहिले, तेव्हा त्यांतील अनेकांचे निष्कर्ष टिकले नाहीत. तोकड्या नमुन्यांवर आपण नको इतका विश्वास टाकला, हे काहनेमन यांनी २०१७मध्ये उघडपणे कबूल केले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते आणि पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या होत्या.

पैसा एका मर्यादेपर्यंतच रोजचे सुख वाढवतो, हा त्यांचा २०१०चा निष्कर्ष मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२१मध्ये खोडला. काहनेमन यांनी प्रत्युत्तर लिहिले नाही. बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन ते त्याच संशोधकाबरोबर बसले आणि २०२३मध्ये तिघांचा निबंध आला: मर्यादा लागू होते ती मुळात दुःखी असलेल्यांना, बहुतेकांना नाही.

उद्धरणाच्या मोजणीत यातले काही दिसत नाही. एखादा निष्कर्ष खोडण्यासाठी त्याचे नाव घेतले, तरी खात्यात भरच पडते. आपल्या विद्यापीठांत मात्र पदोन्नतीचा अर्ज ‘स्कोपस’, एच-इंडेक्स अशा उद्धरणे मोजणाऱ्या रकान्यांनी भरतो. निवड समित्यांनी त्यात एक रकाना वाढवावा: आपला कोणता निष्कर्ष आपण मागे घेतला आणि का? तो भरणाऱ्याचे गुण मात्र कापू नयेत.