मंडालेचे पत्र आणि अर्धवट वाचलेले लोकमान्य

लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई 7 जून 1912 रोजी पुण्यात वारल्या. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि सहा वर्षांच्या शिक्षेचे चौथे वर्ष संपत आले होते. तारेने बातमी कळल्यावर त्यांनी आपले भाचे धोंडोपंत विद्वांस यांना जे पत्र लिहिले, त्यात तीन गोष्टी आहेत : दुःखाची कबुली, उत्तरक्रियेविषयीच्या सूचना आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी. या पत्राला टिळकांचे भक्त आणि टीकाकार असे दोघेही साक्षीला बोलावतात. दोघेही ते अर्धेच वाचतात.

भक्तांचा पक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. वाशीम जिल्ह्यातले मालेगाव असो की पुणे, 1 ऑगस्टला शाळाशाळांतून होणाऱ्या भाषणांत आधी शेंगांची टरफले येतात, मग 1903 साली प्लेगने गेलेला थोरला मुलगा विश्वनाथ. गावाची होळी पेटली की घरोघरच्या गोवऱ्या त्यात जायच्याच, असे टिळक समाचाराला आलेल्यांना म्हणाले, ही आख्यायिका सांगितली जाते आणि लोकमान्य सुखदुःखाच्या पलीकडे गेलेले स्थितप्रज्ञ होते, असा निष्कर्ष काढला जातो. मंडालेचे पत्र या निष्कर्षाला आधार देत नाही. संकटे शांतपणे सोसण्याची आपल्याला सवय आहे, पण या आघाताने आपण बरेच हादरलो आहोत, असे टिळकांनी त्यात स्वतःच कबूल केले आहे. येथे कालक्रमही ध्यानात घ्यावा लागतो. ‘गीतारहस्या’चा खर्डा त्यांनी 1910-11 च्या हिवाळ्यातच पेन्सिलीने लिहून पुरा केला होता. म्हणजे निष्काम कर्मयोगाचा एवढा मोठा ग्रंथ हातावेगळा केलेला माणूस वर्ष-सव्वा वर्षाने बायकोच्या मृत्यूने हादरतो आणि तसे लिहूनही टाकतो. यात त्याच्या तत्त्वज्ञानाचा पराभव शोधण्याचे कारण नाही. दुःख होत असताना कर्तव्य न सोडणे हाच त्या ग्रंथाचा विषय आहे, आणि दुःखच न होणारा माणूस कर्मयोगी ठरवायचा तर कर्मयोगात अवघड असे काही उरत नाही.

टीकाकारांचा पक्ष अधिक गंभीर आहे. पत्नीने पतीच्या आधी जाणे आपल्या समजुतीप्रमाणे अनिष्ट नाही, अशा अर्थाचे एक वाक्य या पत्रात आहे. तेवढेच उचलून टिळकांना पत्नीच्या जिवाची किंमत नव्हती, असे म्हटले जाते. वाक्य खरे आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते ज्या समाजातून आले, त्यात सवाष्ण मरणाला भाग्य मानत, कारण मागे राहणाऱ्या बाईच्या वाट्याला केशवपन, लाल अलवण आणि माजघरातला कोपरा येई. हे भाग्य मानणेच त्या समाजावरचा आरोप आहे आणि त्या आरोपातून टिळक सुटत नाहीत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. विधवांच्या प्रश्नावर आगरकर ज्या त्वेषाने लढले, तसे टिळक लढले नाहीत. ही टीका त्यांच्या सार्वजनिक भूमिकेवर जरूर व्हावी, तिला पुरावा भरपूर आहे. मात्र पत्नीविषयी ते निष्ठुर होते, हे या पत्रावरून सिद्ध होत नाही. त्या वाक्याला लागूनच, अशा वेळी तिच्याजवळ असता आले नाही याचे आपल्याला सर्वांत जास्त दुःख होते, असे ते लिहितात. आधीचे वाक्य रूढीने शिकवलेले सांत्वन आहे. ते अपुरे पडल्याचे पुढचे वाक्य सांगते.

पत्राचा गाभा उत्तरक्रियेच्या सूचनांत आहे आणि नेमका तोच भाग दोन्ही पक्ष गाळतात. अंत्यविधी यथाविधि व्हावेत, अस्थी प्रयागला, काशीला किंवा तिची इच्छा असेल अशा दुसऱ्या ठिकाणी पाठवाव्यात आणि तिच्या शेवटच्या इच्छा अक्षरशः पाळाव्यात, असे टिळक सांगतात. हे आधीच झाले नसेल तर करावे, अशी पुस्तीही ते जोडतात. तुरुंगातून निघालेले टपाल ब्रह्मदेशातून समुद्र ओलांडून पुण्यास यायचे होते; तोवर दहावा-तेरावाही उलटून जाण्याचा संभव होता. दहन होऊन गेले होते, तोंड पाहणे कायमचे हुकले होते. नवऱ्याने ठरवावे असे फार थोडे शिल्लक होते, त्यात अस्थी कोठे न्यायच्या हा एक प्रश्न. त्यावरही टिळकांनी आपला निर्णय लादला नाही. धर्मशास्त्रात ज्यांचा अधिकार मोठा, त्यांनी दोन क्षेत्रांची नावे घेतली आणि लगेच तिसरी जागा तिच्या इच्छेसाठी मोकळी ठेवली. सनातनी घरातल्या कर्त्या पुरुषाने 1912 साली बायकोची इच्छा काशी-प्रयागाच्या बरोबरीला बसवावी, ही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर पत्र मुलांकडे वळते. रामचंद्र आणि श्रीधर यांनी शोकात वेळ दवडू नये, अभ्यास चालू ठेवावा, असा त्यात आग्रह आहे आणि त्यासाठी टिळक स्वतःच्या पोरकेपणाचा दाखला देतात. त्यांची आई 1866 मध्ये, वडील 1872 मध्ये वारले होते. मुलांची जबाबदारी विद्वांसांवर सोपवताना, आयुष्याचा एक अध्याय संपला आणि दुसराही संपायला फार काळ लागणार नाही, अशी भीती ते बोलून दाखवतात. ती लगेच खरी ठरली नाही. जून 1914 मध्ये ते सुटून पुण्यास आले आणि पुढे सहा वर्षे जगले.