कुंडी केवढी घ्यावी?



परसातल्या भाजीसाठी बियाणे कोणते, खत कोणते, फवारा कोणता, हे सगळे विचारले जाते. कुंडी केवढी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. घरात जे रिकामे सापडेल त्यात रोप खोचायचे, ही आपली रीत. वाफा करण्याजोगी जमीन असेल तर कुंडीच्या भानगडीत पडूच नका. पण ज्यांचे घर गावठाणात आणि अंगण फरशीचे, त्यांना दुसरा इलाज नाही.

साधा हिशेब बघा. ६ इंच रुंद व तेवढ्याच उंच कुंडीत जेमतेम २ लिटर माती मावते. १२ इंची कुंडीत दुप्पट नव्हे, आठपट मावते, म्हणजे १६ लिटरच्या आसपास. कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट होतात. फळावर आलेले टोमॅटोचे मोठे झाड वैशाखात दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी सहज पिते. लहान कुंडीत एका वेळी अर्धा-पाऊण लिटरच टिकते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा पाणी हवे. ते घालणार कोण? घरची बाई सकाळीच निंदणीला गेलेली असते, पोरे शाळेत. तेव्हा कुंडी घेण्याआधी दुपारी घरात कोण असते, ते बघा.

दिवसभर तहान आणि संध्याकाळी पूर, असे चालले की टोमॅटोचे बूड काळे पडते. मग मंडळी औषधाची बाटली घेऊन येतात. अहो, ती कीड नाही, बुरशीही नाही. पाणी खंडत गेल्याने फळाला कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून तसे होते. फवाऱ्याचे पैसे वाचवा आणि डबा मोठा करा.

मेथी-कोथिंबिरीला ६ इंच खोलीचे पसरट घमेलेही चालते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना १५ किलो तेलाचा डबा उत्तम. एका डब्यात एकच झाड. दोन लावलीत तर दोन्ही उपाशी. दुधी, कारले यांना ४० लिटरपेक्षा कमी नको. लिंबू आणि कढीपत्ता कायमचे, त्यांना २०० लिटरचा ड्रम आडवा कापून अर्धा द्यावा. ड्रममध्ये पूर्वी काय होते याची खात्री करा. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा असेल तर कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडाला वापरू नका.

पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि पश्चिमेकडची मुळे भाजून निघतात. त्या बाजूला ओले गोणपाट गुंडाळा किंवा डबे एकमेकांना खेटून ठेवा. मातीची कुंडी थंड राहते, पण तिच्या अंगातून पाणी उडते, म्हणून ती एक माप मोठी घ्यावी.

बुडाला चार-पाच भोके हवीतच. त्यावर विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत मात्र सोडा. निचरा त्याने वाढत नाही. पाणी त्या थराच्या वर, मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा फुकट जाते. भोकावर एकेक खापरी पुरे. नुसती काळी माती भरू नका. ती सुकली की आकसते, कडेला फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. आपल्याला वाटते, झाड प्याले. पोयटा, कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू असे मिश्रण करा.

आता कोणी म्हणेल, मग सगळेच ड्रममध्ये लावू. मिरचीचे तसे काही बिघडत नाही, ती चार महिन्यांत जागा व्यापते. पिशवीतल्या लिंबाच्या रोपाला मात्र एकदम अर्धा ड्रम देऊ नये. मुळे मूठभर, माती पोतेभर. न प्यालेले पाणी साचून मुळे कुजतात. आधी १० इंची, वर्षाने १४ इंची, मग ड्रम. पिशवी फाडल्यावर मुळे बुडाशी गोल वळलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करा, घट्ट वेढे धारदार चाकूने कापा. तसेच लावलेत तर मोठ्या ड्रममध्येही ती जुन्याच चकरा मारीत राहतात.

ड्रम मात्र रिकामा असतानाच जागेवर ठेवा, खाली तीन विटा देऊन. ओल्या मातीसकट त्याचे वजन दीड क्विंटलवर जाते. माळवदावर किंवा पत्र्याच्या छपरावर तो चढवू नका.