खारेपाटात स्लॅग सिमेंटच वापरा



पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, घरांचे, साकवांचे काँक्रीट अकाली फुटते. जोत्याजवळचा कॉलम पाहावा. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर, मग तांबूस ओघळ, शेवटी बोटाने निघेल असा पापुद्रा. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आत शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून गिलावा करून हे थांबत नाही.

यावरचा उपाय आपल्याच तालुक्यात आहे. डोलवीला पोलाद बनते. त्यासाठीच्या झोतभट्टीतला वितळलेला स्लॅग, म्हणजे धातुमळी, पाण्याने झटक्यात थंड केला की त्याची काचेसारखी रेती होते. ती बारीक दळून सिमेंटमध्ये घातली की सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे बुजतात. मग खारटपणाला आत शिरणे अवघड जाते. आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असतो.

तरीही ठेकेदार ५३ ग्रेडचे साधे सिमेंटच मागतो, कारण सेंट्रिंग लवकर सुटते. स्लॅगचे काँक्रीट पहिल्या आठवड्यात मागे असते हे खरे, पण महिनाभरात ते बरोबरीला येते आणि पुढेही बळ धरत राहते. मात्र त्याला पाणी हवे. आयएस ४५६ मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस क्युरिंग सांगते. दोन दिवस शिंपडून सोडले तर फायदा राहिला बाजूला, नुकसानच होईल.

सगळा स्लॅग मात्र एक नव्हे. वर सांगितला तो झोतभट्टीचा; पोलाद करताना निघणारा पोलाद-स्लॅग वेगळा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात १ किलोमीटर रस्ता सुमारे ८० हजार टन पोलाद-स्लॅगचा झाला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तो प्रक्रिया केलेला स्लॅग होता आणि खडीच्या जागी वापरला होता. प्रक्रिया न केलेल्या पोलाद-स्लॅगमधला मोकळा चुना ओलीत फुगतो, त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून तो जोत्याच्या भरावात कुणी टाकू नये. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या बॉयलरची राखही चाचणीशिवाय काँक्रीटमध्ये नको.

उन्हाळ्यात खारेपाटात प्यायच्या पाण्याचीच मारामार. ठेकेदार पदरमोड करून क्युरिंगला टँकर आणील, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून खारभूमी विभागाने आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने पेण तसेच रोह्याच्या कुंडलिका खाडीकाठच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात स्लॅग सिमेंट नावानिशी लिहावे, १० दिवसांच्या गोड्या पाण्याचा खर्च वेगळा धरावा आणि काँक्रीटच्या क्यूबची चाचणी २८ दिवसांबरोबर ५६ दिवसांनीही घ्यावी.

– एक वाचक, पेण