दोन फुटी टाकीतला ‘शार्क’ आणि आपण शहाणी माणसं

“साहेब, आमच्या टाकीतला शार्क लई मोठा झालाय. तळ्यात सोडला तर चालेल का?”

पावसाळा लागल्यापासून असा हा तिसरा फोन. पत्रकाराला लोक काहीही विचारतात, त्याची सवय आहे. पण तिघांचा प्रश्न एकच आहे म्हटल्यावर उत्तर इथंच देतो. नाही, चालणार नाही. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या घरात शार्क कधी नव्हताच.

समुद्रातल्या शार्कला आपण मुशी म्हणतो. तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळतात ते हाडाकाट्याचे गोड्या पाण्यातले मासे. पाठीवरचा पर उभा दिसला की लावलं नाव शार्क! बाला शार्क, रेड टेल शार्क, रेनबो शार्क हे तिन्ही आपल्या रोहू-कटल्याच्या भाऊबंदकीतले. आणि सगळ्यात जास्त खपणारा ‘टायगर शार्क’, त्याचाच पांढरा भाऊ ‘व्हाइट शार्क’, हा तर चक्क पंगस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो, तोच. शार्क म्हणून मिरवलात, निघाला बासा.

आता हिशोब करू. दुकानदार देतो ती टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तरी 56 लिटर पाणी. त्यात बोटाएवढे चार ‘शार्क’, दोन गोल्डफिश, दहा गप्पी आणि काच साफ करायला एक सकर. पंगस हा मूळचा थायलंड-कंबोडियाकडच्या मेकाँग नदीतला. अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत जाणारा. पूर्ण वाढला तर 130 सेंटिमीटर, म्हणजे चार फुटांच्या वर. टाकी दोन फुटांची, मासा चार फुटांचा! शेततळ्यात हाच मासा वर्षाच्या आत किलोभर होतो. घरच्या टाकीत आधी तो गप्पी गिळतो. मग दार आपटलं, लाइट लागला की घाबरून काचेवर धडकतो आणि नाक फोडून घेतो. बाला शार्कही फूटभर होतो आणि त्याला चार-पाच जणांची सोबत लागते. त्याला सहा फुटांची टाकी हवी. आपल्यापैकी कितीजणांच्या हॉलमध्ये ती मावेल?

दुकानदाराला हे माहीत नसतं असं समजू नका. पण तो सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. पोरगं म्हणतं ‘पप्पा, शार्क’, आणि पप्पा पाकीट काढतात. पुढं मासा मोठा झाला की त्याच पप्पांना भूतदया आठवते. मारवत नाही म्हणून बादलीत घालून तळ्यावर जातात. ही भूतदया नव्हे. घरची अडचण गावाच्या पाण्यात ढकलणं आहे.

मला माहीत आहे, कुणीतरी म्हणेल, “सरकारच धरणात पंगस पाळायला परवानगी देतं, मग माझ्या एकट्याच्या माशानं काय होतंय?” बरोबर आहे, पिंजऱ्यात पंगस पाळतात. पण तो जाळीच्या आत असतो, मोजून टाकलेला असतो आणि शेवटी बाजारात जातो. तुमचा मासा कुणाच्या हिशोबात आहे? हेही मान्य की पंगस आपल्याकडच्या तळ्यात सहसा अंडी घालत नाही, बियाणं तयार करायला इंजेक्शन द्यावं लागतं. पण तो जगेल तोवर खाणार आहे आणि टाकीतला रोग सोबत नेणार आहे. आणि बादलीत तो एकटा नसतो. सोबत सकर असतो. सकर मात्र वाढतो, काठाला बिळं पाडून अंडी घालतो. उजनीच्या मच्छीमारांना विचारा. खरखरीत, काटेरी मासा जाळ्यात अडकतो, जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुत्रंही विचारत नाही. तो उजनीत आभाळातून पडला नाही. कुणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच निघालेली ही जात आहे.

सरकारचं म्हणाल तर थाई मांगूरच्या वेळी जाग आली होती. 2019 मध्ये हरित लवादाचा आदेश आला, मत्स्यव्यवसाय विभागानं तळीच्या तळी नष्ट केली. छान केलं. पण तळ्यावर जेसीबी नेणाऱ्यांना बाजारपेठेतलं काचेचं दुकान दिसत नाही. 2017 मध्ये केंद्रानं शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि मग मागे घेतले. 2018 च्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांच्या नियमांत कुत्रं आहे, मांजर आहे, ससा आहे, पक्षी आहेत. मासा नाही. म्हणजे राहिलो आपणच.

दुकानदार मंडळींना माझं सांगणं साधं आहे. प्रत्येक टाकीवर तीन ओळींची पाटी लावा: माशाचं खरं नाव, पूर्ण वाढ किती, टाकी किती लागते. आणि मोठा झालेला मासा परत घ्या. हे करायला जीआरची गरज नाही. नगरपरिषदेनं तळ्याच्या काठावर ‘घरचे मासे सोडू नयेत’ असा फलक लावावा. उद्घाटनाच्या फ्लेक्सपेक्षा खर्च कमीच येईल.

आणि ज्यांना शार्कच हवा आहे त्यांच्यासाठी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या, साधारण अडीचशे लिटरची. त्यात रेड टेल किंवा रेनबो, दोघांपैकी एकच आणि एकच नग ठेवा. दोन ठेवलेत तर बांधावरून भांडणाऱ्या भावांसारखे भांडतील. दोघेही अर्ध्या फुटाच्या आतबाहेर राहतात. लपायला दगड, लाकूड द्या. सोबतीला चपळ बार्बचा थवा ठेवा. गोल्डफिश, गप्पी नकोत. टाकीला झाकण हवंच, उडी मारतात. रेड टेल तर थायलंडच्या नद्यांतून जवळजवळ संपलाय, बाजारात येतो तो पैदास केंद्रातला. एवढा दुर्मीळ जीव घरी आणताय, तर त्याला जागा तरी द्या.

एवढी जागा नसेल तर दोन फुटी टाकीत आठ-दहा गप्पी पाळा, सुखानं राहतील. पोराला सांगा, शार्क समुद्रात असतो.

ज्यांनी फोन केला त्यांना: मासा आधी दुकानात परत न्या. तिथं घेत नसतील तर मोठी टाकी असलेला माणूस शोधा, कमेंटमध्ये लिहा, आपण मिळून शोधू. तळ्यावर मात्र जाऊ नका.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली या, भांडू.