शब्द लेखिकेचा, वाट वाचकाची

आवडत्या कथेंतील पात्रें घेऊन आपली निराळी कथा रचण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. मोरोपंतांनीं एकच रामकथा किती परींनीं रचिली, हें सर्वश्रुतच आहे. इंग्रजी वाचणारी आजची तरुण मंडळी हीच हौस शेरलॉक होम्स, हॅरी पॉटर इत्यादिकांच्या कथा नव्यानें लिहून इंटरनेटवर भागविते. या लेखनास ‘फॅन फिक्शन’ म्हणतात.

प्रारंभीं अशा पुष्कळ कथा व्यापारी कंपन्यांच्या जागेंत बिऱ्हाडकरूप्रमाणें राहत. मालकानें नियम बदलला कीं सामान रस्त्यावर! म्हणून २००७ सालीं अमेरिकेंत कांहीं रसिकांनीं, ज्यांत स्त्रियाच बहुसंख्य होत्या, स्वतंत्र संस्था काढिली व २००९ च्या नोव्हेंबरांत ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हें स्वतःचें भांडार सर्वांस खुलें केलें. लेखिकेस स्वतःची खोली हवी, असें व्हर्जिनिया वुल्फबाईंनीं १९२९ सालीं प्रतिपादिलें. त्या ग्रंथाच्या नांवाचाच हा प्रतिध्वनि. तेथें जाहिराती नाहींत; खर्च देणग्यांवर चालतो. २०१९ सालीं या भांडारास ह्यूगो पारितोषिक मिळालें.

तेथील मांडणी विशेष मननीय आहे. लेखक कथेवर ‘टॅग’, म्हणजे खूणचिठ्ठ्या, आपल्याच शब्दांत लावितो. होम्स व वॉटसन यांची जोडी कोणी पूर्ण नांवांनीं लिहील, कोणी दोहोंचा संधि करून ‘जॉनलॉक’ म्हणेल. पडद्याआड ‘टॅग रँगलर’ नांवाचे स्वयंसेवक यांतील एक रूप प्रमाण ठरवून इतर रूपें त्यास जोडितात. त्यामुळें कोणत्याही रूपानें शोध केला तरी त्या जोडीच्या कथा एकत्र सांपडतात. लेखकाचा मूळ शब्द मात्र कोणी खोडीत नाहीं. व्यवस्था राखण्यासाठीं सर्वांच्या तोंडीं एकच शब्द घालावा लागत नाहीं, हा यांतील बोध.

वडीलधाऱ्यांस चिंता वाटेल ती निराळीच. या भांडारांत केवळ प्रौढांसाठीं लिहिलेलें व क्रौर्याचें वर्णन असलेलेंही पुष्कळ आहे. तथापि कथा कोणत्या वयास योग्य, तींत हिंसा किंवा मुख्य पात्राचा मृत्यु आहे काय, हें सांगण्याचे रकाने लेखकापुढें ठेविलेले असतात. ‘इशारा देऊं इच्छित नाहीं’ असेंही त्यास लिहितां येतें. सुज्ञ वाचकास तोही इशाराच होय. म्हणून मुलामुलींच्या हातून यंत्र हिसकावून घेण्यापेक्षां आधीं चिठ्ठी वाचून मग पान उघडण्याची संवय त्यांस लावावी. लहानांजवळ प्रथम कोणी वडील माणूस बसलें, तर अधिक बरें.