आधी पदार्थ विचारा, मग पंप!

इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पंप निवडायला सांगा. त्याचा पहिला प्रश्न असतो, "हेड किती?" दुसरा, "डिस्चार्ज किती?" तिसरा प्रश्न येतच नाही. लगेच एचपीचं सूत्र, मग कॅटलॉग, आणि मोनोब्लॉक फायनल! माझं म्हणणं एवढंच आहे, की हे दोन प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते पहिले नाहीत. पहिला प्रश्न असा हवा : पंपातून जाणार काय आहे? हे पटवण्यासाठी मी मुद्दामच एक लांबचं उदाहरण घेते. गरम मेपल सिरप गाळायला कोणता पंप घ्यावा?

मेपल सिरप आपण बहुतेकांनी पिक्चरमध्ये पॅनकेकवर ओतताना पाहिलंय. कॅनडातला क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेतलं व्हरमाँट ही त्याची मुख्य ठिकाणं. हिवाळा संपत आला, की रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं असे काही आठवडे मिळतात. तेवढ्यातच मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात. त्यात साखर असते जेमतेम २ टक्के. ती आटवून ६६ टक्क्यांच्या पुढे न्यायची, म्हणजे १ लिटर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस! पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर उकळायला लागलं, की सिरप तयार झालं असं समजतात.

आता खरी गंमत. रस आटतो तसे त्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, बाहेर पडतात. बारीक रेतीसारखा गाळ होतो. तिकडचे लोक त्याला 'शुगर सँड' म्हणतात. तो काढला नाही तर सिरप गढूळ दिसतं आणि दाताखाली कचकचतं. ज्याची मोजकीच झाडं आहेत, तो फेल्टच्या शंकूतून गरम सिरप गाळतो. तिथे गुरुत्वाकर्षण पुरतं, पंप लागतच नाही. (पंपाची गरज आहे का, हाही प्रश्नच आहे, आणि तो आपल्याला पेपरात कधीच येत नाही!) माल जास्त असेल तर फिल्टर प्रेस येतो. एकामागे एक प्लेट्स, मध्ये गाळण्याचे कागद, आणि सिरपमध्ये मिसळलेली डायटोमेशियस अर्थ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांची पूड. ही पूड कागदावर थर धरते, आणि खरं गाळण्याचं काम तो थरच करतो. या थराला 'केक' म्हणतात. सिरप त्या केकमधून ढकलणं हे पंपाचं काम.

हा प्रश्न मी हॉस्टेलवर पाच-सहा जणींना विचारला. उत्तर एकच : "अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक लाव आणि मोकळी हो!" आता तो मोनोब्लॉक तिथे का चालणार नाही, ते बघा.

पहिली गोष्ट तापमान. साखरेचं एवढं दाट द्रावण २० अंशांना पाण्याच्या शंभरपटीहून जास्त दाट असतं. तेच ८०-८५ अंशांना नेलं तर दाटपणा दहा-पंधरा पटींवर उतरतो. केकमधून वाहण्याचा वेग दाबाच्या सम प्रमाणात आणि दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे आपण शिकलोय. म्हणजे इथे एचपी वाढवून जे होणार नाही, ते सिरप गरम ठेवून होतं. पण उकळीच्या जवळचं द्रव पंपाने खालून वर ओढायला गेलं, की सक्शनमध्ये दाब कमी होऊन त्याची वाफ होते आणि कॅव्हिटेशन सुरू. म्हणून टाकी वर आणि पंप खाली ठेवायचा, आणि पाइप आखूड व रुंद घ्यायचा. याला खर्च काहीच नाही, फक्त आधी विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट केक. सुरुवातीला विरोध जवळजवळ शून्य असतो आणि शेवटी भरपूर, कारण थर जाड होत जातो. म्हणजे 'हेड किती' या प्रश्नाला एक उत्तरच नाही, ते मिनिटामिनिटाला बदलतं! साध्या सेंट्रिफ्युगल पंपात विरोध वाढला की डिस्चार्ज घसरतो. ऐन शेवटी, नेटाने ढकलायच्या वेळी, तो आतल्या आत सिरप घुसळत बसतो. शिवाय ओतीव लोखंडाचा शेतीचा पंप खाण्याच्या पदार्थाला लावणं मुळातच योग्य नाही.

मग उरतात दोन मुख्य पर्याय. गिअर पंप स्वस्त, आटोपशीर, साध्या मोटरवर चालणारा. पण तो दर फेऱ्याला ठरलेलं माप ढकलतोच, पुढे वाट असो वा नसो. वाट बंद झाली तर कागद फाटेल, होज निसटेल किंवा मोटर बसेल. ९० अंशांचं चिकट सिरप अंगावर उडालं तर ते पाण्यासारखं ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतं. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह आणि बायपास हवाच. दुसरा दोष झिजेचा. ती सिलिकाची पूड गिअरच्या दातांमधून पॉलिश पेपरसारखी फिरते. फट वाढते, आणि गरम, पातळ सिरप तिच्यातून मागे सरकतं. काम झाल्यावर गरम पाण्याने धुतला नाही, तर आतलं सिरप थंड होऊन गिअर जाम!

हवेवर चालणाऱ्या डबल डायफ्रॅम पंपाचं तसं नाही. हवेचा दाब रेग्युलेटरवर जितका ठेवाल, साधारण तितकाच दाब सिरपवर येतो. केक भरला की पंप आपोआप थांबतो, काही फुटत नाही. एकमेकांवर घासणारे गिअरही नाहीत, त्यामुळे पुडीचा त्रास कमी. मात्र त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि दाबलेली हवा वीजबिलात महाग पडते. तो ठोके देत चालतो, म्हणून सुरुवात कमी दाबाने करायची, नाहीतर कोवळा केक विस्कटतो. डायफ्रॅमचं मटेरियलही एवढी उष्णता सोसणारं, टेफ्लॉनसारखं, आणि फूड ग्रेड घ्यावं लागतं.

माझं मत विचाराल तर, ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे आणि माल बराच आहे, त्याने डायफ्रॅम पंप घ्यावा. लहान उत्पादकाने रिलीफ व्हॉल्व्हसह स्टेनलेस स्टीलचा गिअर पंप घ्यावा आणि झीज गृहीत धरावी. पितळ आणि ब्रॉंझच्या काही प्रकारांत शिसं असतं, म्हणून स्टेनलेस. स्वस्तातला पंप ऐन सीझनमध्ये बसला तर वाया जातो तो नुसता पंप नाही. चाळीसपट रस आणि तो आटवायला जाळलेलं इंधनही वाया जातं.

"आपल्याला काय त्या मेपलचं?" असं म्हणाल, तर कोल्हापूरकडची काकवी आठवा. तीही उसाचा रस आटवून केलेली, गरम, दाट, चिकट. रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. तिथेही उद्या कोणी गाळायला पंप मागितला, तर मेपलचं उत्तर कॉपी करून चालणार नाही, कारण गाळ वेगळा आहे. प्रश्न मात्र तेच राहतील : काय वाहतंय, किती गरम, आत कण कसले, विरोध कसा वाढतो, आणि रात्री धुणार कोण?

आपल्या लॅबमध्ये मात्र सगळ्या पंपांतून वर्षानुवर्षं तेच टाकीतलं पाणी फिरतं. गिअर पंपाच्या रिगवर तेवढं ऑइल असतं, तेही खोलीच्या तापमानाला. जर्नलमधलं रीडिंग सीनिअरच्या जर्नलशी जुळलं की सबमिशन झालं. सरांना आणि मॅडमना माझी नम्र विनंती आहे. एका प्रॅक्टिकलमध्ये साखरेचा पाक ठेवा, ३०, ५० आणि ८० अंशांना. त्याच रिगवर त्याच वेगाने रीडिंग घेऊ द्या. आकडे कसे उलटेपालटे होतात ते आम्ही डोळ्यांनी पाहू. साखरेचा खर्च मेसच्या एका फीस्टपेक्षा जास्त नक्कीच येणार नाही! आणि व्हायवामध्ये "हेड किती" विचारण्याआधी विचारा, "यातून काय जाणार आहे?"

उद्या नोकरीत आपल्याकडे पंप मागायला येणारा माणूस पाण्याचाच असेल, याची गॅरंटी कोण देणार? कोणी डांबर घेऊन येईल, कोणी रंग, कोणी टोमॅटोचा गर. त्याला कॅटलॉग दाखवणारे दुकानदार भरपूर आहेत. त्याचा पदार्थ आधी समजून घेणारा इंजिनिअर मिळाला, तरच आपल्या डिग्रीचा त्याला काही उपयोग.

– टी. ई. मेकॅनिकल